लॅपटॉप लावला की घुंऽऽ आवाज, वर ट्रॅकमधला कोरस गायब, कुणी सांगेल का?

कराडचा_कीबोर्ड:
नमस्कार मंडळी. आमचा कराडजवळ छोटा ऑर्केस्ट्रा आहे, हळदी, साखरपुडे, जत्रा आणि गणपतीत मंडळांच्या सुपाऱ्या असं चालतं. आधी सगळं हातानं वाजवायचो पण आता बेसवाला, गिटारवाला टिकत नाहीत म्हणून लॅपटॉपवर मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज काढलेलं तयार संगीत) लावतो आणि वरून मी कीबोर्ड, एक जण ऑक्टोपॅड, एक ढोलकी न् दोन गायक. लॅपटॉप आला तसा डोक्याला ताप पण आला.

पहिला त्रास म्हणजे चार्जर लावला की स्पीकरमधून जाड घुंऽऽ येतं आणि त्याच्यावर बारीक चिंचिं, माऊस हलवला की ती चिंचिं बदलते, हे मी नीट कान देऊन ऐकलंय. चार्जर काढला की दोन्ही बंद. पण तीन तासाचा कार्यक्रम बॅटरीवर कसा काढणार, आमची बॅटरी पाऊण तासात मान टाकते.

दुसरा त्रास जास्त चक्रावणारा आहे. ट्रॅक हेडफोनवर एकदम कडक वाजतो, पण मिक्सरला दिला की कोरस गायब, बेस गायब, किक गायब, नुसता विहिरीतून आल्यासारखा रिव्हर्ब आणि कडेची खंजिरी-शेकर तेवढी ऐकू येते. आणि गंमत बघा, लॅपटॉपमधली पिन थोडी बाहेर ओढून अर्धी ठेवली की सगळं परत येतं! परवा आमच्या ढोलकीवाल्यानं ती पिन तशीच अर्धी ठेवून चिकटपट्टी मारली आणि कार्यक्रम मारून नेला. वायर कसली म्हणाल तर एका बाजूला मोबाईलची छोटी ईपी पिन, दुसऱ्या बाजूला माइकवाला तीन काड्यांचा कॅनन, तो थेट मिक्सरच्या माइक चॅनलला.

दुकानदार म्हणतो साउंड कार्ड गेलंय, नवीन ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीचं बाहेरचं साउंड कार्ड, घ्या. घ्यायला हरकत नाही पण पैसे घालूनही तेच राहिलं तर काय करू?

फेडर_ताई:
दादा, साउंड कार्ड ठणठणीत आहे, हेडफोनवर नीट वाजतंय म्हणजे तिथं काही गेलेलं नाही. तुमचे दोन वेगळे रोग आहेत, एकत्र धरू नका, म्हणून गोंधळ होतोय.

आधी दुसरा घेते कारण तो सोपा आहे. वायर बघा. छोट्या पिनेवर तीन कप्पे असतात, टोक म्हणजे डावा आवाज, मधली रिंग म्हणजे उजवा, आणि बुंधा म्हणजे ग्राउंड. कॅननला पण तीन काड्या, एक नंबर ग्राउंड, दोन नंबर सरळ सिग्नल, तीन नंबर उलटा. आता मिक्सरचा माइक इनपुट काय करतो, तर दोन आणि तीनमधला फरक घेतो, म्हणजे वजाबाकी. माइकच्या वायरीत ते बरोबर आहे कारण तिथं दोन्हीत एकच सिग्नल सुलटा-उलटा असतो, वजाबाकीत तो दुप्पट होतो आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखाच शिरलेला कचरा उडून जातो. पण तुम्ही दोन नंबरला डावा दिलात आणि तीनला उजवा. मग मिक्सरनं डाव्यातून उजवा वजा केला. बेस, किक, गायकाचा आवाज, कोरसचा मधला भाग हे सगळं मिक्सिंग करताना बहुतेक वेळा मध्ये ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे सारखं. सारख्यातून सारखं गेलं की शून्य. उरलं काय, तर जे एका बाजूला सरकवलेलं आहे ते, म्हणजे तुमची खंजिरी न् रिव्हर्ब.

पिन अर्धी ओढल्यावर कप्पे सरकतात, एखादी बाजू तुटते, मग वजाबाकीला दुसरा आकडाच राहत नाही म्हणून ट्रॅक परत आल्यासारखा वाटतो. तो खरा पूर्ण ट्रॅक नाही, एकाच बाजूचा आहे, आणि चिकटपट्टी सुटली की भर कार्यक्रमात खर्र करून स्पीकरचं वाजवेल.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ म्हणून बटण असतं ते चालू करा. पिन पूर्ण आत ठेवून ट्रॅक लावा. आवाज जवळजवळ पूर्ण बंद झाला तर रोग हाच. आणि हो, त्या चॅनलचा 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकला मिक्सरमधून जाणारी वीज, बंद आहे ना ते आत्ता आधी बघा, चालू असेल तर तो व्होल्टेज त्याच वायरीतून उलटा लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये जातो.

बेलापूर_बास:
ताई बरोबर बोलतायत पण एक जोडतो. त्या वायरी सगळ्या एकसारख्या नसतात, काही आतून वेगळ्या जोडलेल्या असतात, तीन नंबर ग्राउंडला बांधलेला असतो, तिथं हा प्रकार होत नाही पण मग उजवी बाजू ऐकूच येत नाही. मल्टिमीटर कंटीन्युटीवर लावून टोक कुठं, रिंग कुठं जाते बघून घ्या, दोन मिनिटाचं काम आहे.

इलाज म्हणजे एका बाजूला स्टिरिओ ईपी आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पी-38 (गिटारला लागते ती जाड पिन), अशी वाय वायर. दोन्ही पी-38 मिक्सरच्या लाइन इनपुटला, माइकला नाही, एक पूर्ण डावीकडे पॅन एक पूर्ण उजवीकडे. स्टिरिओ चॅनल रिकामा असेल तर त्यातच टाका, पॅनची पण कटकट नाही. साउंडवाला मोनोमध्येच सगळं चालवत असेल तरी अशीच द्या, मिक्सरमध्ये बेरीज होते, वजाबाकी नाही.

आणि ही वायर लांब घेऊ नका राव. दोन मीटर ठीक, चार-पाच मीटरपर्यंत चालवून घ्या, पुढं ती अँटेनाच आहे. लांब न्यायचं असेल तर कॅनन ते कॅनन, ती बॅलन्स्ड असते, म्हणजे ताईंनी सांगितलेली सुलट्या-उलट्या सिग्नलची, स्टेजपासून मिक्सरपर्यंत वीस-तीस मीटर सहज जाते.

जत्रावाला_साउंड:
घुंऽऽ चा उपाय मी सांगतो, एक पैसा खर्च नाही. चार्जरच्या थ्री पिनमधली वरची जाड पिन आहे ना अर्थिंगची, तिच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा नाहीतर टू पिन कन्व्हर्टर लावा. आवाज गपकन बंद. आमच्याकडं सगळे असंच करतात, मिक्सरला पण तेच, वर्षानुवर्षं चाललंय.

फेडर_ताई:
जत्रावाले दादा, हात जोडते, हे कुणाला सांगू नका. आवाज बंद होतो हे खरं आहे, त्यात वाद नाही, पण का बंद होतो ते बघा.

चार्जरला अर्थ, मिक्सरला अर्थ, आणि मधे ऑडिओ वायरीचा ग्राउंड. झालं, गोल पूर्ण. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये थोडासुद्धा फरक असला की त्या गोलातून करंट फिरतो आणि तो ऑडिओच्या ग्राउंडवर बसतो, तोच तुमचा घुंऽऽ. अर्थ पिन झाकली की गोल तुटला, आवाज गेला. पण मिक्सरची अर्थ काढली की काय होतं माहितीये का? आतल्या सप्लायमध्ये फेज-न्यूट्रल आणि बॉडीच्या मधे फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, अर्थ नसली की त्यांच्यामुळं बॉडी 230 च्या अर्ध्यावर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहते. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसती मुंगी येते. पण आत एखादी फेजची तार सुटून बॉडीला लागली तर तीच मुंगी राहत नाही. गायक माइकला ओठ लावून उभा असतो, घामानं भिजलेला, पायाखाली मंडपातली ओली जमीन, आणि माइकची जाळी वायरीच्या ग्राउंडमधून त्या मिक्सरच्या बॉडीला जोडलेली असते.

गोल तोडायचाच, फक्त ऑडिओच्या बाजूला तोडायचा, विजेच्या बाजूला नाही. त्यासाठी डीआय बॉक्स मिळतो, त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, सिग्नल चुंबकातून पलीकडं जातो आणि तारेचा संबंध राहत नाही. वर ग्राउंड लिफ्ट म्हणून छोटं बटण असतं ते दाबलं की कॅननचा एक नंबर सुटतो. स्टिरिओ डीआय घ्या, लॅपटॉपमधून वाय वायरीनं दोन जॅक त्यात, त्यातून दोन कॅनन मिक्सरच्या माइक इनपुटला. दोन्ही रोग एकदम जातील.

जत्रावाला_साउंड:
बरं ताई, पटलं थोडं. पण जनरेटरवर अर्थ असते कुठं? पिनेत तांबं आहे, पलीकडं काहीच नाही.

फेडर_ताई:
म्हणूनच जनरेटरवाल्याला आधीच सांगायचं, अर्थचा रॉड ठोक आणि तिथं पाणी ओत. नाही म्हणाला तर मंडळाच्या लोकांना सांगा, त्यांची पोरंच स्टेजवर नाचतात. आणि 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावलेला डिस्ट्रिब्युशन बोर्ड स्वतःचा ठेवा. मी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मल्टिमीटर एसीवर, मोठ्या रेंजवर लावून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं गिटारच्या तारेला नाहीतर कीबोर्डच्या जॅकच्या लोखंडी कडेला लावते. जवळजवळ शून्य आलं पाहिजे. वीस-तीसच्या वर काही दिसलं तर माइक कुणाच्या हातात देत नाही, मंडप डेकोरेटरला बोलावते, कितीही घाई असली तरी.

कराडचा_कीबोर्ड:
ताई, मोनो ऑडिओचं बटण चालू केलं आणि खरंच आवाज गेला, बारीकशी सळसळ राहिली फक्त. आमचे गायक म्हणाले जादू आहे. फँटम बंदच होता, नशीब.

आता घुंऽऽ बद्दल. आमचा लॅपटॉप स्टेजवरच्या बोर्डला, मिक्सर साउंडवाल्याच्या टेबलावर लांब दुसऱ्या बोर्डला असतो, म्हणजे तुम्ही म्हणता तो गोल आमच्याकडं तसाच आहे. पण ती चिंचिं पण त्याचीच का? आणि अजून एक नवीन भानगड सांगतो, ऑक्टोपॅड आम्ही यूएसबीनं लॅपटॉपला जोडतो, संबळ-हलगीचे सॅम्पल लॅपटॉपमधून वाजवायला. एक काडी मारली की दोन आवाज येतात, टडक् असं. कधी तर नोट अडकून वाजतच राहते. ऑक्टोपॅड खराब झाला का?

सूर_आणि_सोल्डर:
थोडा उशीर झाला पण कान वापरून ओळखायची एक रीत सांगतो, कुठलं यंत्र लागत नाही. आपल्याकडं लाइन 50 हर्ट्झची आहे. 50 हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या जरासं वर, खालच्या सप्तकात. 100 हर्ट्झ म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकात तेच. कीबोर्डवर खालची पांढरी पाच हळू दाबून ठेवा, घुं तिच्याशी थोडी बेसुरी डुलत असेल तर लाइनचाच हम आहे. मऊ आणि गोल असेल तर 50, ग्राउंडचा गोल नाहीतर ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली वायर. खरखरीत, घर्रर्र असेल तर 100 आणि त्याच्यावरचे, तेव्हा सप्लायचे जुने फुगलेले कपॅसिटर नाहीतर डिमरवाले लाइट बघायचे. लाइटवाल्याला एक मिनिट डिमर बंद करायला सांगितलं की निकाल लागतो. पॉवरची आणि ऑडिओची वायर एकाच गठ्ठ्यात बांधू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

चिंचिं वेगळी आहे. ती लॅपटॉपच्या आतली, प्रोसेसर आणि चार्जरच्या स्विचिंगची, म्हणून माऊस हलवला की बदलते. पण येते त्याच ग्राउंडच्या वाटेनं, म्हणून डीआयनं ती पण जाते. नुसता इंटरफेस घेतला तर ती जाईलच असं नाही, कारण यूएसबी वायरीतून ग्राउंड पुढं जातोच. इंटरफेसच्या मागं बॅलन्स्ड आउट असतात, ते बॅलन्स्ड वायरीनंच मिक्सरला दिले तर बरंच कमी होतं, तिथं मोनो जॅक खुपसला तर अर्धा फायदा गेला. डीआय येईपर्यंत एक करा, लॅपटॉपचा चार्जर त्याच बोर्डवरून घ्या जिथून मिक्सर चालतो, लांब एक्स्टेंशन ओढा. गोल छोटा झाला की हम बराच बसतो.

दुहेरी ठोक्याबद्दल. ऑक्टोपॅडचा स्वतःचा आवाज पण मिक्सरला जातोय आणि तोच ठोका यूएसबीतून लॅपटॉपमध्ये जाऊन तिकडचा सॅम्पल पण वाजवतोय, दुसरा थोडा उशिरा पोचतो म्हणून टडक्. हे बघायला ऑक्टोपॅडची ऑडिओ वायर काढा. एकच ठोका राहिला तर तेच. मग ऑक्टोपॅडच्या मेनूत लोकल कंट्रोल ऑफ करा, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज बंद होईल, नसेल तर त्याचा फेडर खाली. ऑडिओ वायर काढूनही दुहेरी राहिलं तर लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या ट्रॅकवर पण तोच मिडी इनपुट (वाद्याकडून येणारे नोटांचे संदेश) चालू असेल, किंवा एका पॅडचा धक्का शेजारच्या पॅडला लागून तोही वाजत असेल, त्याला क्रॉसटॉक म्हणतात, सेटिंगमध्ये थ्रेशोल्ड थोडा वाढवला की बसतो. स्टँड डुगडुगत असेल तर ते पण घट्ट करा, हे कुणी बघत नाही.

उशीर कमी करायचा तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर, म्हणजे आवाज वाजवण्याआधी साठवायचा तुकडा, कमी करा. 44.1 किलोहर्ट्झला 512 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 11.6 मिलिसेकंद, 128 ला 2.9. वर ड्रायव्हरचा वेगळा उशीर. 11 च्या पुढं हलगीवाल्याला हात मागं राहिल्यासारखा वाटायला लागतो. पण लॅपटॉप जुना असेल तर 128 ला कडकड करेल, मग 256 वर थांबा.

बेलापूर_बास:
अडकलेल्या नोटेचं मी सांगतो. मिडीमध्ये नोट चालू हा एक संदेश आणि नोट बंद हा दुसरा. दुसरा वाटेत हरवला की नोट वाजतच राहते. सॉफ्टवेअरमध्ये पॅनिक बटण असतं ते दाबा, सगळं बंद होतं. कारण शोधायचं तर आधी यूएसबी वायर बदला, ढिला सॉकेट आणि हबवरून जोडलेलं असेल तर थेट लॅपटॉपला लावा. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीला झोपवणारा पर्याय असतो, तो बंद करा, बॅटरीवर असताना तो जास्त त्रास देतो.

कुणाकडं जुनी पाच काड्यांची मिडी वायर असेल तर तिचं एक चांगलं आहे, ती ज्या मिडी इनला लागते त्याच्या आत ऑप्टो आयसोलेटर असतो, सिग्नल उजेडातून पलीकडं जातो, म्हणून ती ग्राउंडचा गोल तयार करत नाही. 1983 सालचं स्टँडर्ड, पण ह्या बाबतीत यूएसबीपेक्षा शहाणं. 15 मीटरच्या पुढं मात्र नेऊ नका. आणि स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर घेतली तर तिच्यावर इन लिहिलेला जॅक बहुतेक वेळा कीबोर्डच्या आउटला जातो, आउट लिहिलेला इनला. लाइट लुकलुकत नसेल तर आधी अदलाबदल करून बघा.

कराडचा_कीबोर्ड:
लोकल ऑफ केलं आणि टडक् गेलं! सॉफ्टवेअरमध्ये पण दोन ट्रॅकवर इनपुट चालू सापडला, तो बंद केला. मिक्सरच्या बोर्डवरून लॅपटॉपला लाइन घेतली तर घुंऽऽ निम्म्याहून कमी झालंय, चिंचिं आहे थोडी. डीआय घेतो. पॅसिव्ह घेऊ का अॅक्टिव्ह? आणि पुण्यात कुठं मिळेल?

फेडर_ताई:
लॅपटॉपसाठी पॅसिव्ह, स्टिरिओ. त्याला बॅटरी लागत नाही, फँटम लागत नाही, आणि आत खरा ट्रान्सफॉर्मर असतो, तोच तर आपल्याला पाहिजे. अॅक्टिव्हमध्ये काहींना ट्रान्सफॉर्मर नसतोच, नुसतं सर्किट असतं. तो पॅसिव्ह पिकअपवाल्या अकूस्टिक गिटारला, व्हायोलिनला बरा. वाय वायर आणि पिना तापकीर गल्लीत मिळतील, तयार घेण्यापेक्षा चांगल्या पिना आणि वायर घेऊन सोल्डर करून घ्या, जास्त टिकते. डीआय मात्र वाद्यांच्या दुकानात बघा, हातात घेऊन. जड लागला पाहिजे, हलका असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर बारका आहे, बेस जोरात आला की फाटतो.

न्यूजर्सीचा_तबला:
इकडं मराठी मंडळाच्या गणपतीत आमचं पण हेच झालं होतं, फक्त आमचा हम 60 हर्ट्झचा, काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोब्बर मधे, तंबोऱ्याशी कुठंच जुळेना. डीआयनं गेला. सूर_आणि_सोल्डर यांची कानाची रीत इकडं पण चालते, आकडा बदलायचा फक्त.

पेटीवाली_नाशिक:
विषय थोडा वेगळा आहे पण इथंच विचारते. माझ्या कीबोर्डचा सस्टेन पेडल उलटा चालतो, पाय सोडला की आवाज लांबतो, दाबला की तुटतो. वायरीचाच काही घोळ असेल का?

सूर_आणि_सोल्डर:
नाही ताई. बऱ्याच कीबोर्डना पेडल कुठल्या प्रकारचा आहे हे ऑन होताना कळतं. तुमचा पाय त्यावर असताना ऑन झाला असेल किंवा पेडल नंतर खुपसला असेल. बंद करा, पेडल लावा, पाय बाजूला ठेवून ऑन करा. तरी उलटाच राहिला तर पेडलच्या खाली छोटा स्विच असतो काहींना, तो दुसरीकडं सरकवा.